जुन्या पिक-अप ट्रकमधील दंतचक्र पेटीचा बदल

विसाव्या शतकाच्या मध्यास बनविलेल्या पिक-अप ट्रकमधील मूळची दंतचक्र पेटी, म्हणजे व्यवहारातील गिअरबॉक्स, काढून तिच्या जागी नंतरच्या काळातील, अधिक गिअर असलेली हस्तचलित पेटी बसविण्याचे काम. चालकाची बंदिस्त खोली व तिच्यामागे उघडा हौदा अशी रचना असलेल्या हलक्या मालवाहू मोटारगाडीस पिक-अप ट्रक म्हणतात. अमेरिकेत अशा जुन्या गाड्या हौसेने जतन करण्याची व त्या प्रत्यक्ष रस्त्यावर चालविण्याची प्रथा मोठी असल्याने हा बदल तेथे विशेष प्रचलित आहे. वरवर पाहता हा एका भागाऐवजी दुसरा भाग बसविण्याचा प्रकार वाटतो. तथापि एंजिन, क्लच, दंतचक्र पेटी, चालक दंड व मागील आस ही एकाच साखळीची अंगे असल्याने एक दुवा बदलला की उरलेल्या सर्वांचा नव्याने विचार करावा लागतो.

प्रस्तुत नोंदीत शेव्हरोले कंपनीच्या ‘ॲडव्हान्स डिझाइन’ मालिकेतील अर्ध्या टनी ट्रकचे उदाहरण प्रामुख्याने घेतले आहे. ही मालिका १९४७ च्या मध्यास बाजारात आली आणि १९५५ च्या आरंभापर्यंत तिचे उत्पादन चालू होते. जनरल मोटर्स या मूळ कंपनीचा मुंबईतील शिवडी येथे १९२८ ते १९५४ या काळात गाड्यांची जुळणी करणारा कारखाना होता; त्यामुळे शेव्हरोले हे नाव भारतातील जुन्या पिढीच्या चांगले परिचयाचे होते.

बदलाची कारणे : या ट्रकची आखणी झाली तेव्हा अमेरिकेतील शेतकरी व लहान व्यापारी यांची वाहतूक मुख्यत्वे गावरस्त्यांवर आणि मध्यम वेगाने होत असे. दूरवर जलद प्रवास करण्याजोग्या आंतरराज्यीय महामार्गांच्या जाळ्याला चालना देणारा कायदा १९५६ मध्ये, म्हणजे या मालिकेचे उत्पादन थांबल्यानंतर झाला. साहजिकच गाडीचे प्रेषण गुणोत्तर वेगापेक्षा ओझे ओढण्यास अनुकूल असे ठेवलेले होते. मागील आसातील दंतचक्रांचे प्रमाण सामान्यतः ४·११ होते. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यास चालक दंडाचे ४·११ फेरे होत. सर्वांत वरच्या गिअरचे प्रमाण १ असल्याने एंजिनाचेही तितकेच फेरे होत.

याचा परिणाम साध्या गणिताने स्पष्ट होतो. चाकाचा बाहेरील व्यास ७१ सेंमी. धरल्यास परिघ सु. २·२३ मी. येतो. ताशी ९६ किमी. वेगाने गाडी मिनिटास १,६०० मी. अंतर कापते, तेव्हा चाकाचे मिनिटास सु. ७१७ आणि एंजिनाचे सु. २,९५० फेरे होतात. या गाडीतील २१६ घन इंची (सु. ३·५ लि.) सहा सिलिंडरी एंजिनाची कमाल शक्ती ३,३०० फेऱ्यांच्या सुमारास मिळते. म्हणजे महामार्गावरील नेहमीच्या वेगातच एंजिन आपल्या मर्यादेच्या जवळ चालत राहते. त्याच्या दट्ट्याची धाव ९५ मिमी. एवढी लांब असल्याने वरील गतीस दट्ट्याचा सरासरी वेग सेकंदास सु. ९·४ मी. होतो.

हा ताण काही काळ सोसणे आणि तासन्‌तास सोसणे यांत फरक आहे. २१६ घन इंची एंजिनात भुजादंडाच्या मुख्य धारव्यांना दाबाखालील वंगण तेल मिळते. परंतु संयोगदांड्यांच्या मोठ्या टोकांना ते पन्हळीतून उडणाऱ्या व फवाऱ्याने येणाऱ्या तेलातून मिळते. या टोकांत बॅबिट हा मऊ मिश्रधातू थेट ओतलेला असतो. असा धारवा झिजला तर नवी पट्टी घालून भागत नाही. धातू पुन्हा ओतून यंत्रावर कापावा लागतो आणि हे काम जाणणारे कारागीर आता थोडे उरले आहेत. १९५४ पासून हलक्या ट्रकमध्ये आलेल्या २३५ घन इंची एंजिनात सर्व प्रमुख धारव्यांना दाबाखालील तेल व बदलता येण्याजोगे अर्धगोल तुकडे आले. जुने एंजिन टिकवावयाचे असेल तर त्याचे फेरे कमी करणे हा पेटीबदलामागील सर्वांत सबळ हेतू ठरतो. केवळ अधिक वेग मिळविणे हा हेतू नव्हे.

मूळच्या पेट्या : अर्ध्या टनी ट्रकमध्ये सामान्यतः तीन गिअरची पेटी असे. तिची प्रमाणे २·९४, १·६८ व १ अशी असून बहुतेक गाड्यांत तिचा दांडा सुकाणू चक्राच्या खांबावर असे. अवजड कामासाठी चार गिअरची ‘एस. एम. ४२०’ ही पेटी मिळत असे. तिची प्रमाणे अनुक्रमे ७·०५, ३·५८, १·७१ व १ अशी आहेत. तिचा पहिला गिअर इतका संथ आहे, की रिकामी गाडी निघताना तो बहुधा वापरला जात नाही. चिखलातून किंवा चढावर भरलेली गाडी हलविणे हेच त्याचे काम. दोन्ही पेट्यांत सर्वांत वरच्या गिअरचे प्रमाण १ असल्याने महामार्गावरील एंजिनाच्या फेऱ्यांत त्यांच्यामुळे फरक पडत नाही.

दोहोंत पहिला गिअर समकालित नाही. गिअर बदलताना जोडल्या जाणाऱ्या भागांच्या परिभ्रमण गती आधी एक व्हाव्या लागतात. ‘सिंक्रोमेश’ रचनेत शंकूच्या आकाराची कडी घर्षणाने ही गती जुळवून घेते आणि मगच दाते एकमेकांत शिरतात. ही रचना कॅडिलॅक मोटारीत १९२८ मध्ये प्रथम आली. ती नसलेल्या गिअरमध्ये चालत्या गाडीत उतरावयाचे झाल्यास क्लच दाबून पेटी मोकळी करणे, क्लच सोडून एंजिनास थोडी गती देणे व पुन्हा क्लच दाबून दांडा ढकलणे अशी दुहेरी कृती करावी लागते. ती न साधल्यास दात कर्कश आवाज करून झिजतात [⟶ दंतचक्र].

नवी पेटी : या कामासाठी बहुधा निवडली जाणारी पेटी म्हणजे बोर्ग-वॉर्नर कंपनीची ‘टी-५’. तिचे उत्पादन १९८२ च्या सुमारास सुरू झाले आणि निरनिराळ्या कंपन्यांच्या हलक्या ट्रक व मोटारींत ती मोठ्या संख्येने वापरली गेली. तिचे कवच ॲल्युमिनियमाचे असून वजन सु. ३४ किग्रॅ. असते. तिच्यात पाच पुरोगामी गिअर असून ते सर्व समकालित आहेत. पाचव्या गिअरचे प्रमाण १ पेक्षा कमी असते, म्हणजे चालक दंड एंजिनापेक्षा अधिक वेगाने फिरतो. अशा गिअरला ‘ओव्हरड्राइव्ह’ म्हणतात.

एकाच नावाच्या या पेटीचे अनेक प्रकार आहेत आणि निवड करताना त्यांतील भेद ध्यानात घेणे आवश्यक असते. शेव्हरोलेच्या ‘एस-१०’ या लहान ट्रकमधील प्रकारात पहिल्या चार गिअरची प्रमाणे ४·०३, २·३७, १·४९ व १ अशी असून पाचव्याचे ०·७६ किंवा ०·८६ असते. ‘कॅमॅरो’सारख्या वेगवान मोटारींतील काही प्रकारांत पहिल्याचे २·९५ व पाचव्याचे ०·६३ असते. ओझे वाहणाऱ्या संथ एंजिनास पहिला प्रकार अधिक मानवतो. शिवाय एस-१० मधील पेटीचा दांडा कवचावर बराच पुढे असल्याने तो आडव्या बैठकीच्या पुढे, तळपत्र्यातून सोयीच्या जागी वर येतो. मोटारींतील प्रकारांत तो मागे असून बैठकीस अडथळा करतो. २१६ घन इंची एंजिनाचे कमाल पीडन परिबल (फिरविणारा जोर) १७४ पौंड-फूट, म्हणजे सु. २३६ न्यूटन-मीटर असते. टी-५ च्या साध्या प्रकारांची सांगितली जाणारी क्षमता सु. ३२५ न्यूटन-मीटरपासून पुढे असल्याने मूळच्या एंजिनासाठी ती पुरेशी आहे. एंजिनही बदलून अधिक बलवान बसविल्यास मात्र हा हिशेब पुन्हा करावा लागतो.

वर घेतलेल्या उदाहरणात पाचव्या गिअरचे प्रमाण ०·७६ असल्यास ताशी ९६ किमी. वेगास एंजिनाचे फेरे २,९५० वरून सु. २,२४० वर येतात आणि दट्ट्याचा सरासरी वेग सेकंदास सु. ७·१ मी. होतो. दर किलोमीटरला एंजिनाचे चारशेहून अधिक फेरे वाचतात.

बंदिस्त चालक दंड : १९५४ पर्यंतच्या अर्ध्या टनी शेव्हरोले ट्रकमध्ये पेटीबदलातील खरी अडचण पेटीत नसून तिच्या मागे असते. या गाड्यांत चालक दंड उघडा नसून एका जाड पोलादी नळीत बंदिस्त असतो. नळीचे मागील टोक आसाच्या मधल्या कवचास घट्ट बोल्टांनी जोडलेले असते आणि पुढील टोक पेटीच्या पाठीमागे एका गोलाकार सांध्यात हलते. याच सांध्याच्या आत युनिव्हर्सल जॉइंट असून त्याला पेटीतील तेलाचेच वंगण मिळते. नळीमुळे केवळ दंडाचे संरक्षण होत नाही. चाके पुढे फिरू लागताच प्रतिक्रियेने आसाचे कवच उलट दिशेस वळू पाहते; ते वळण ही लांब नळी थोपविते.

टी-५ च्या मागील टोकास असा गोलाकार सांधा नसतो. तिची रचना उघड्या चालक दंडासाठी केलेली असते. यास्तव सामान्यतः नळी, दंड व त्यांना जोडलेला आस हे सर्व काढून उघड्या दंडास योग्य असा नंतरच्या काळातील आस बसवितात. आता आसाचे वळणे थोपविण्याचे काम मागील पाट्याच्या स्प्रिंगांवर येते. म्हणून आसावरील स्प्रिंगांच्या बैठका योग्य कोनात जोडणे व पाट्यांची अवस्था तपासणे या गोष्टी अनिवार्य ठरतात. १९५५ मध्ये आलेल्या पुढील ट्रकांत कंपनीनेच उघडा दंड स्वीकारला. त्यामुळे त्यांतील पेटीबदल पुष्कळच सोपा असतो.

येथे एक पर्याय विचारात घ्यावा लागतो. मूळच्या आसाच्या कवचात ४·११ ऐवजी ३·५५ प्रमाणाची दंतचक्र जोडी बसविता येते. तेवढ्याने, पेटी व नळी यांस हात न लावता, ताशी ९६ किमी. वेगास एंजिनाचे फेरे सु. २,५५० पर्यंत उतरतात. ४·११ च्या आसाबरोबर ०·८६ प्रमाणाचा पाचवा गिअर वापरल्यास जवळजवळ हीच संख्या येते. मात्र आसातील प्रमाण सर्वच गिअरना लागू होत असल्याने पहिल्या गिअरमधील एकूण प्रमाण १२·१ वरून १०·४ वर येते आणि निघतानाची ओढ सु. १४ टक्क्यांनी घटते. पाच गिअरच्या पेटीचे वैशिष्ट्य येथे दिसून येते. तिच्यामुळे ४·११ च्या आसाबरोबर निघतानाचे प्रमाण १६·६ होते, ३·५५ च्या आसाबरोबरही ते १४·३ राहते, आणि दोन्ही वेळा महामार्गावर एंजिन संथ चालते. म्हणजे पेटीचा लाभ केवळ पाचव्या गिअरमध्ये नसून सर्वांत खालच्या व वरच्या गिअरमधील अंतरात असतो. क्वचित व रिकामी चालणारी गाडी असेल तर आसातील जोडी बदलणे पुरेसे होते. ओझे व लांबचा प्रवास दोन्ही असतील तरच पेटीबदलाचा खटाटोप सार्थकी लागतो.

जुळणी : एंजिन व पेटी यांच्यामध्ये क्लचचे घंटाकृती कवच असते. या ट्रकमध्ये एंजिनाच्या मागील आधारांचा व क्लचच्या दुवायंत्रणेचा भार त्यावर असल्याने ते शक्यतो तसेच ठेवतात. त्याच्या मागील पृष्ठावरील छिद्रे नव्या पेटीच्या छिद्रांशी न जुळल्यास मध्ये अनुयोजक तबकडी घालतात. या तबकडीची जाडी मनास येईल तशी ठेवता येत नाही. कारण पेटीच्या आदान दंडाचे टोक भुजादंडाच्या मागील भोकात बसविलेल्या काशाच्या लहान धारव्यात नेमके पोचावे लागते. टोक आखूड पडल्यास ते निराधार राहते, लांब झाल्यास बोल्ट आवळताना भुजादंडावर दाब येऊन त्याचा रेटा धारवा खराब होतो. टोकाचा व्यास जुन्या दंडापेक्षा वेगळा असल्यास त्या मापाचा नवा धारवा बनवून घेतात.

आदान दंडावरील उभ्या खाचांची संख्या व व्यास हीही पाहावी लागतात. जनरल मोटर्सच्या गाड्यांतील टी-५ मध्ये १४ किंवा २६ खाचा आढळतात. क्लच तबकडीचा बाहेरील व्यास जुन्या दाब तबकडीस आणि मधील तुंबा नव्या दंडास जुळेल अशी तबकडी निवडतात.

सर्वांत अधिक दुर्लक्ष होते ते समकेंद्रतेकडे. पेटीच्या पुढील धारव्याची कडी घंटाकृती कवचाच्या भोकात बसून पेटीस मध्यावर आणते. हे भोक भुजादंडाच्या अक्षाशी समकेंद्र नसेल तर आदान दंड सतत तिरका राहतो. परिणामी गिअर जड लागतो, चालत्या गाडीत आपोआप सुटतो आणि नवी पेटी अल्पावधीत निकामी होते. दोष मात्र पेटीला दिला जातो. प्रचक्रावर तबकडी मापक लावून भुजादंड हाताने फिरविल्यास भोकाची विकेंद्रता कळते. मापकावरील एकूण फरक ०·१३ मिमी.च्या आत असावा असा सर्वसाधारण संकेत आहे.

पेटीच्या मागील टोकास आधार देण्यासाठी चौकटीस आडवी पट्टी जोडावी लागते. नव्या उघड्या चालक दंडास दोन युनिव्हर्सल जॉइंट असतात. असा जॉइंट कोनात फिरताना निर्गत गती दर फेऱ्यात दोनदा कमीजास्त होते. पेटीचा निर्गत दंड व आसाचा आदान दंड परस्परांस समांतर असले, तर एका जॉइंटमुळे आलेला चढउतार दुसऱ्यामुळे नाहीसा होतो. नसल्यास कंप निर्माण होतो. ओव्हरड्राइव्हमध्ये एंजिन संथ झाले तरी त्याच वेगास चालक दंडाचे फेरे पूर्वीइतकेच राहतात, म्हणून दंडाचे संतुलन नीट करून घेणे आवश्यक असते. टी-५ च्या जुन्या प्रकारांत वेगमापकासाठी केबल असते, नंतरच्या प्रकारांत विद्युत्‌ संवेदक असतो. जुना वेगमापक चालू ठेवावयाचा असेल तर केबलचा प्रकार घेऊन आस व चाक यांच्या मापानुसार त्यातील लहान दंतचक्र बदलतात. वंगणाबाबतही प्रकारभेद पाळावा लागतो. १९८५ पासून आलेल्या ‘वर्ल्ड क्लास’ प्रकारातील समकालक कड्यांना अस्तर असल्याने त्यात दाट दंतचक्र तेल न घालता स्वयंचलित पेटीसाठीचे पातळ तेल घालतात.

सुरक्षितता : एंजिन शांत झाले की चालक नकळत वेग वाढवितो, हा या बदलाचा धोकादायक परिणाम होय. गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ७२ किमी. ऐवजी ९६ किमी. वेगाने चालणारी गाडी थांबविताना गतिरोधकांना सु. पावणेदोन पट ऊर्जा शोषावी लागते. मूळच्या ट्रकमध्ये चारही चाकांवर ढोलाचे गतिरोधक असून त्यांना एकाच मंडलातून दाब मिळतो. कोठेही गळती झाल्यास चारही चाकांवरील रोधन एकदम जाते. पुढचे गतिरोधक व दुहेरी मंडलाचा मुख्य सिलिंडर यांची व्यवस्था न करता केलेला पेटीबदल अपुरा समजावा लागेल.

जतनाचा प्रश्न : जुने वाहन हे वापरण्याचे साधन मानावे की ऐतिहासिक वस्तू, याविषयी मतभेद आहेत. मूळची पेटी व बंदिस्त दंड काढलेली गाडी त्या काळच्या तंत्राचा पुरावा म्हणून अपुरी होते. उलट कधीच न चालविली जाणारी गाडी गंजून नष्ट होण्याचा संभव असतो. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये मान्य केलेल्या तूरिन सनदेत फेरफार शक्यतो परत फिरविता येतील असे व नोंद ठेवून करावेत, अशी भूमिका घेतली आहे. भारतात २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांची वेगळी नोंदणी करता येते. मात्र वाहनाचा सांगाडा, बाह्य कवच वा एंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा अशी त्यात अट आहे.

यातून व्यवहारातील काही पथ्ये निघतात. आडवी पट्टी चौकटीस वितळजोडाने न जोडता बोल्टांनी जोडणे, तळपत्रा कापण्याऐवजी मध्यभागी काढता येणारे झाकण वापरणे, काढलेली पेटी, नळी व आस तेल लावून एकत्र जपून ठेवणे आणि बसविलेल्या प्रत्येक भागाचे मूळ वाहन, वर्ष व प्रमाण लिहून ठेवणे ही त्यांतील प्रमुख होत. असे केल्यास गाडी आज सुखाने चालते आणि पुढील मालकास ती पूर्ववत करण्याची वाटही मोकळी राहते.